हाळीची चादर

दर वर्षी पंधरा मार्चला, भर दुपारी बारा वाजता, भवानी पेठेतल्या प्रभुलिंग मास्तरांच्या गच्चीवरून परग्रहावरच्या लोकांना हाळी घातली जाते. कुणाला हसायचं असेल तर त्यानं आत्ताच हसून घ्यावं. गल्लीचं हसून कधीच झालं आहे, आणि आता गल्लीतलं कुणी मार्चात परगावी गेलंच तर चौदा तारखेला आठवणीनं परत येतं.

सुरुवात मास्तरांनीच केली. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की परदेशात काही मंडळी या दिवशी डोळे मिटून बसतात आणि आकाशातल्या अनोळखी लोकांना मनातल्या मनात बोलावतात. मास्तरांना कल्पना पटली, पद्धत पटली नाही. मनातल्या मनात बोलावल्यावर शेजारचा तरी येतो का, असं त्यांचं म्हणणं. मास्तर मूळचे वळसंगचे. तिकडे बांधावर उभं राहून हाळी घातली की दोन शेतं ओलांडून माणूस 'ओ' देतो. तशीच घालायची ठरलं. वेळेचंही त्यांचं गणित तयार होतं. रात्री सगळं जग आकाशाकडे तोंड करून बसलेलं असतं, त्या गर्दीत सोलापूरचं कोण ऐकणार? दुपारी लाइन मोकळी असते.

सोलापूरच्या मार्चातली दुपार ज्यानं अंगावर घेतली आहे, त्याला ती लाइन मोकळी का असते हे सांगायला नको. गच्चीवर आधी दोन बादल्या पाणी मारायचं, ते वाळायच्या आत ताडपत्री बांधायची आणि बारा वाजता ताडपत्रीखालून बाहेर येऊन हाळी घालायची. पहिली मराठीतून, सगळ्यांनी मिळून. दुसरी कानडीतून, मास्तरांची. तिसरी तेलुगूतून कमलम्माची आणि चौथी दखनीतून मकदूमभाईंची. मग लिंबू सरबत प्यायचं आणि आपापल्या घरी जायचं. 'ओ' अजून कधी आलेली नव्हती. पण मास्तरांना त्याची चिंता नव्हती. अंतर लांबचं आहे, तिकडून आवाज निघालाही असेल, असं ते दर वर्षी सरबत पिताना सांगत.

यातली कमलम्मा मास्तरांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी. चादरीच्या कारखान्यात तिची एकतीस वर्षं चेकिंगला गेली. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, तुटलेला धागा, सुटलेली गाठ, घसरलेली नक्षी शोधायची आणि सापडेल तिथं निळ्या खडूनं फुली मारायची, हे तिचं काम. सवय अशी लागली होती, की लग्नात कुणी आहेर दाखवायला पुढे केला तरी तिचा हात आधी काठावरून फिरायचा आणि मग तोंडातून 'छान हाय' निघायचं. कमलम्माच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे कारखान्यात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि याच बाईच्या पोटात चार वर्षं एक चूक बसून होती, तिच्यावर फुली मारायचं धाडस तिला होत नव्हतं.

झालं होतं ते असं. हाळीच्या एकविसाव्या वर्षी मास्तरांच्या डोक्यात आलं, की नुसत्या आवाजावर भागणार नाही, पाहुण्यांना दिसेल असं काहीतरी हवं. आणि सोलापुरात दिसेल असं काहीतरी म्हणजे चादर, दुसरं काय? त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून चित्र काढलं. मधे एक माणूस, उजवा हात वर करून 'या' म्हणणारा, आणि त्याच्याभोवती सूर्य आणि ग्रह. अक्षर एकही नाही. त्यांना मराठी येत नसणार, इंग्रजी येत असेल असं समजायलाही काही आधार नाही, असं मास्तर म्हणाले. साठ इंच पन्ह्याची चादर आकाशातून दिसणार कशी, असं गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या चिमाबाईनं विचारलं, तेव्हा त्यांची दुर्बीण आपल्यापेक्षा बरी असणारच, असं उत्तर मिळालं.

चित्राचे पत्ते पाडले मकदूमभाईंनी. मकदूमभाई समोरच्या घरात राहत आणि मास्तरांचे चाळीस वर्षांचे दोस्त. जॅकार्डच्या मागाला नक्षी कळते ती जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. पत्त्याला जिथं भोक, तिथला धागा उचलायचा, एवढंच मागाला समजतं. मकदूमभाईंनी दोन महिने बसून एकेक भोक पाडलं, शेकडो पत्ते दोरीत ओवले, आणि कारखान्यात मागावर चादर उतरली. लाल जमिनीवर पांढरा माणूस. कमलम्मानं ती स्वतः तपासली. उजवा हात वर, एक धागा चुकलेला नाही. तिनं कानावरचा खडू काढलासुद्धा नाही.

पंधरा मार्चला गच्चीवर चादर पसरायचा मान तिचाच होता. तिनं ती पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि सरबत करायला खाली गेली. सरबताचा जग घेऊन वर आली तोवर सगळं होऊन गेलं होतं. मास्तर पाण्याच्या टाकीवर चढून चादर बघत होते, आणि त्यांना माणसाचा डावा हात वर दिसला. पाहुण्याला आपण डाव्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा देत नाही, आणि हे तर साऱ्या आकाशाला बोलावणं! मास्तर टाकीवरूनच ओरडले, "मकदूम, चाळीस वर्षं पत्ते पाडतोस आणि उजवं-डावं कळत नाही तुला?" मकदूमभाई तेव्हा नुकतेच जिन्यातून वर येत होते. सगळी गल्ली बघत होती. ते पायरीवरच थांबले आणि म्हणाले, "कळणाऱ्याकडून करून घ्या मग." आणि खाली उतरले. मास्तरांनी चादर रागानं गुंडाळली आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत कुलूपबंद केली.

कमलम्माला उमगलं ते त्या संध्याकाळी, दोरीवरचे कपडे काढताना. तिचं लाल लुगडं दोरीवर उलटं होतं. उलटंच असणार. रंगाचं कापड उन्हात टाकायचं ते चांगली बाजू आत करून, नाहीतर रंग उडतो, हे तिच्या आईनं तिला शिकवलं, आईला तिच्या आईनं. विणकरांच्या घरातल्या बाईच्या हाताला हे सांगावं लागत नाही. कमलम्माच्या हातानं चादर उन्हात टाकली ती तशीच, लाल बाजू खाली आणि पांढरी वर. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. खालच्या बाजूला तेच चित्र, फक्त रंगांची अदलाबदल, आणि उजव्याचं डावं. पत्ते बरोबर होते, विणकाम बरोबर होतं. आकाशातल्या पाहुण्यांपेक्षा तिला रंगाची काळजी जास्त वाटली होती, एवढंच झालं होतं.

उद्या सांगू, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी मकदूमभाईंचं नाव होतं, कुणीतरी त्यांना डावखुरे मियाँ म्हणून मोकळं झालं होतं, आणि चेकिंगच्या टेबलावर कमलम्मा मुकाट्यानं दुसऱ्यांच्या चुकांवर फुल्या मारत होती. हे बोलायला सोपं नव्हतं. मग पत्ते पाडायचं काम कॉम्प्युटरवर गेलं, मकदूमभाई घरी बसले. त्यांच्या हातची शेवटची नक्षी म्हणजे ती चादर. हे कळल्यावर तर ते अजूनच अवघड झालं. उद्याची चार वर्षं झाली.

त्या चार वर्षांत हाळी चालू होती, पण तिच्यात जीव नव्हता. चादरीऐवजी मास्तर आरसे चमकवायचे. एकदा त्यांचा कवडसा पलीकडच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत गेला, तेव्हा उत्तर म्हणून पोलीस आले. मराठी, कानडी, तेलुगू हाळ्या झाल्या की चौथीच्या जागी सगळे क्षणभर गप्प उभे राहायचे. मास्तर मुद्दाम टाकीच्या नळाशी काहीतरी करत बसायचे. मग सरबत.

यंदा पंचविसावं वर्ष. तेरा मार्चला मकदूमभाईंची मुलगी मेहनाज हुबळीहून आली, ती वडिलांना कायमचं घेऊन जायला. ईद आता तिकडेच. कमलम्मा भेटायला गेली तर घरभर बोचकी, आणि मकदूमभाई दारात बसून सामान वाटत होते.

"आवो कमलम्मा," ते म्हणाले, "तुमच्यासाठी पण काढून ठेवलंय की." आणि त्यांनी दोरीत ओवलेल्या पत्त्यांची जाड गठडी पुढे सरकवली. "मास्तरांच्या चादरीचे हायत. हुबळीला नेऊन काय करू? चुलीला तरी होतील."

कमलम्मानं गठडी दोन्ही हातांनी उचलली. चांगली जड होती. तोंड उघडलं, तर शब्द आला तो भलताच. "कधी निघणार?"

"सोळाला सकाळी."

गठडी घेऊन ती घरी आली आणि चुलीपाशी न ठेवता देव्हाऱ्याखाली ठेवली. सोळाला हा माणूस जाणार, आणि जाताना आपली शेवटची नक्षी चुकलेली म्हणून जाणार. नक्षी तर तिनं स्वतःच्या हातानं पास केलेली. तिला स्वतःचा इतका राग आला, की तिनं दुपारचं जेवणच टाळलं. पण राग आला म्हणून धीर येतोच असं नाही. रात्रभर विचार करून तिनं एक सोपी वाट काढली. बोलायचं नाही, नुसतं करून दाखवायचं. चादर यंदा बाहेर काढायला लावायची, आणि गुपचूप लाल बाजू वर पसरायची. हात उजवा दिसला की सगळं आपोआप मिटेल, आणि कुणाचं नावही यायचं नाही.

ती मास्तरांकडे गेली. "सर, पंचविसावं हाय. चादर टाकूया की."

"डाव्या हाताची?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले.

"आरशांनी काय आलं? पोलीस आले." 

मास्तर खिडकीतून समोरच्या घरासमोर बांधून ठेवलेल्या बोचक्यांकडे बघत म्हणाले, "टाका. निदान त्याच्या देखत एकदा टाकू." आणि ट्रंकेची किल्ली तिच्या हातात दिली. मास्तरांचंही तिकडे लक्ष आहे, हे तिला तेव्हा कळलं.

पंधरा तारखेला सकाळपासून ऊन असं तापलं, की गच्चीवर मारलेलं पाणी बादली खाली ठेवायच्या आत वाळलं. माणसं जमली पंधरा-वीस. विणकर मंडळी कामावर, त्यामुळे म्हातारे, विड्या वळणाऱ्या बायका आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मोहोळची ऋतुजा. ती कॉलेजात शिकायची आणि तिच्या मोबाइलमध्ये गल्लीतल्या प्रत्येक बारशाचा व्हिडिओ होता. तिच्या मदतीनं कमलम्मानं चादर पसरली. उलटी टाकायला हात शिवशिवत होते, पण तिनं त्यांना दाबून लाल बाजू वर केली, विटा ठेवल्या आणि पदरानं कपाळ पुसलं. ताडपत्रीखाली तेव्हा सरबतात साखर किती यावर वाद चालला होता, कुणी चादरीकडे पाहिलंही नाही.

बाराला पाच कमी असताना मास्तर टाकीवर चढले. वय बहात्तर, पण टाकीची शिडी पंधरा मार्चला ते विशीतल्यासारखी चढतात. वर उभं राहून त्यांनी खाली बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"उजवा," ते म्हणाले.

कमलम्मा मनात म्हणाली, झालं, मिटलं.

"उजवा हात!" मास्तरांचा आवाज चिरकला. "अहो, मी स्वतः डावा बघितला होता! स्वतः गुंडाळून कुलूप लावलं! किल्ली कालपर्यंत माझ्या कडदोऱ्याला! रंगसुद्धा बदललाय बघा, पांढऱ्याचा लाल केलाय! चार वर्षं कुलपात असलेली चादर कोण बदलणार? उत्तर आलं! पंचवीस वर्षांनी उत्तर आलं हो!"

मास्तर उभ्या उभ्या रडायला लागले. इतका साधा आनंद कमलम्मानं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर पोरांना पुरावा मागायला शिकवलेला माणूस, पण पंचवीस वर्षं वाट बघितल्यावर पुरावा आपल्या सोयीचा असला की कुणालाही तो पुरतो. खाली एकच गलका झाला. चिमाबाईनं आकाशाला हात जोडले. ऋतुजा "थांबा सर, परत म्हणा, रेकॉर्डिंग चालू हाय," म्हणत टाकीखाली धावली.

आणि मग मास्तरांनी ते केलं, जे चार वर्षांत त्यांनी केलं नव्हतं. कठड्यापलीकडे वाकून त्यांनी समोरच्या घराकडे तोंड केलं आणि वळसंगच्या बांधावरून घालावी तशी हाळी घातली. "ओ मकदूम! बाहेर ये रे! तुझी चूक त्यांनी दुरुस्त केली!"

मकदूमभाई दारात आले. मास्तर खरोखर मायेनं बोलावत होते, आता काही राग नाही असंच त्यांना सांगायचं होतं. पण मकदूमभाईंनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा कमलम्माला कठड्यावरून स्वच्छ दिसला. शेवटच्या दिवशीही, सगळ्या गल्लीसमोर, चूक तुझीच. ते मान खाली घालून आत वळले.

एकीकडे टाकीवर रडणारे मास्तर, एकीकडे दारातून वळणारी ती पाठ. कमलम्माला एकतीस वर्षांचं चेकिंगचं टेबल आठवलं. दिसलेली चूक पुढे ढकलली तर ती पेटीत जाते, पेटी गाडीत जाते, आणि मग फुली मारायला काही उरत नाही.

"थांबा मकदूमभाई!" ती ओरडली. तिच्या आवाजानं ती स्वतःच दचकली. "चूक तुमची न्हवती! कुणी परग्रहावरचं आलं न्हाय! चूक माझी हाय! मी उलटी टाकली हुती चादर!"

ऋतुजाचा मोबाइल आता कमलम्माकडे वळला होता, आणि तो बंद करावा हे त्या पोरीला सुचत नव्हतं.

"उलटी म्हणजे?" मास्तर टाकीवरून म्हणाले.

"रंगाचं कापड उन्हात उलटं टाकायचं असतं की, सर. रंग उडतो म्हणून. माझ्या हातानं तसंच टाकलं. खालच्या बाजूला उजव्याचं डावं हुतं. मला त्याच संध्याकाळी कळलं." तिला रडू आलं, पण तिनं बोलणं थांबवलं नाही. "आणि मी गप बसले. चार वर्षं गप बसले. चेकिंगवाली म्हणून माझं नाव जाईल म्हणून गप बसले."

मास्तर शिडीवरून हळूहळू उतरले. चादरीपाशी आले, वाकले आणि एक कोपरा उलटून पाहिला. खाली पांढरं. अजून थोडी उलटली. डावा हात. मास्तर भौतिकशास्त्रातले पदवीधर, पण चादरीशी त्यांचा संबंध अंगावर घेण्यापलीकडे कधी आला नव्हता.

"म्हणजे," ते म्हणाले, "नुसती उलटायची होती?"

"नुसती उलटायची हुती, सर."

जिन्यात पावलं वाजली. मकदूमभाई वर आले ते तीन मजले चढून, रोजा असताना, भर बाराला. कठड्याला धरून त्यांनी दम घेतला. चादरीजवळ बसून तिच्यावरून हात फिरवला, अगदी कमलम्मा फिरवते तसा. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?" कमलम्मा आणि मास्तर दोघंही एकदम म्हणाले.

"पत्ते मी पाडले, मग मला कळणार नाय? डावा दिसला म्हणजे उलटी टाकली. आणि टाकली कुणी, तर कमलम्मानं."

"मग बोलला का न्हाय तुमी?" 

"तुमी बोलाल म्हणून थांबलो," मकदूमभाई साधेपणानं म्हणाले. "तुमची नोकरी चेकिंगची. मी कशाला बोलू?" मग ते मास्तरांकडे वळले. "तुमच्यावर मात्र राग होता, मास्तर. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एकदा चादर उलटून बघावं असं वाटलं नाय तुमाला."

बहात्तर वर्षांचा माणूस, डोळे अजून मघाच्या आनंदानं ओले, आणि त्याच डोळ्यांत आता लाज. मास्तरांनी मकदूमभाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसता धरून ठेवला. "चुकलो," ते म्हणाले. सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, आणि पुरेसं मोठ्यानं म्हणाले.

कमलम्मा बाजूला उभी राहून नाक पुसत होती. तेवढ्यात मास्तर तिच्याकडे वळले. "आणि काय हो कमलम्मा, आकाशातल्या लोकांना दाखवायच्या चादरीचा रंग उडेल म्हणून काळजी?"

"ती पण एक दिवसाच्या उन्हानं!" मकदूमभाई म्हणाले.

"पक्का रंग होता तो! पावती आहे माझ्याकडे!"

"आणि बघा मास्तर, विटा तरी नीट ठेवल्यात का? तो कोपरा बघा!"

चार वर्षांत दोघं पहिल्यांदा एका सुरात बोलत होते, ते तिला रागवायला. कमलम्मानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की अजून थोडं रागवले असते तरी चाललं असतं. चिमाबाईच आधी हसली. मग सगळी गच्ची हसली.

बाराला दहा मिनिटं उलटून गेली होती. मास्तर म्हणाले, लाइन अजून मोकळी असेल. सगळे उन्हात बाहेर आले, चादरीभोवती उभे राहिले. पहिली हाळी मराठीतून झाली. "ओ पाव्हणं, या की!" दुसरी मास्तरांनी कानडीतून घातली, "बर्री, बर्री!" तिसरी कमलम्मानं तेलुगूतून, घसा बसलेला असतानाही. आणि चौथीच्या वेळी कुणीच गप्प उभं राहिलं नाही. मकदूमभाईंनी तोंडाभोवती हातांचा भोंगा केला आणि आकाशाकडे बघून आवाज टाकला, "आओ मियाँ, आओ! मगर रोजा हय, शाम कू आना!"

सरबताचा पहिला पेला नेहमीप्रमाणे मास्तरांच्या हातात आला. त्यांनी तो तोंडापर्यंत नेला, मकदूमभाईंकडे बघितलं आणि जसाच्या तसा कट्ट्यावर ठेवला. "मी पण संध्याकाळीच घेतो," ते म्हणाले. दिवेलागणीला अजान झाली तेव्हा दोघं मकदूमभाईंच्या बोचक्यांवर बसून खजूर खात होते, आणि तेव्हा चुकून दाखवलेला डावा हात बघून पाहुणे रागावले असतील का, यावर पुन्हा भांडत होते. कमलम्मा भजी तळून देत होती. आत मेहनाज कपाळाला हात लावून बसली होती, कारण सगळं बांधून झाल्यावर अब्बांनी अट घातली होती, की दर पंधरा मार्चला त्यांना हुबळीहून इथं आणून सोडायचं. कमलम्मावर चादर सोपवायची नाही.

ती अट कमलम्मानं मनाला लावून घेतली नाही. तिनं रात्री चादर मांडीवर घेतली आणि लाल बाजूच्या एका कोपऱ्यावर निळ्या धाग्यानं बारीक फुली घातली. इतक्या वर्षांत तिनं चूक नसलेल्या जागेवर घातलेली ही पहिलीच फुली. ही बाजू वर, एवढाच तिचा अर्थ.

सोळाला सकाळी रिक्षा आली. सामान बांधून झालं, तेव्हा मकदूमभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कमलम्मा, ते पत्ते... चुलीत गेले का?"

"चांगला माल मी चुलीत घालीन व्हय?" ती म्हणाली आणि देव्हाऱ्याखालून गठडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. मकदूमभाईंनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

रिक्षा निघाली. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मास्तरांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला. डावा. रिक्षातून मकदूमभाईंचं खो खो हसणं ऐकू आलं, आणि मागच्या पडद्यातून एक हात बाहेर निघाला, तोही डावा. कमलम्माला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. तिनंही आपला डावा हात वर केला आणि रिक्षा वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.